उंचवट्यावरची बाग

नगररचना कार्यालयात काकांना सगळे ‘बाटलीवाले’ म्हणत. कुणी नवीन रुजू झालं की जुने लोक बजावत, “सांभाळून हं, काका बाटलीशिवाय जागेवर जात नाहीत.” बाटलीत साधं पाणी असे. शेतजमिनीवर वसाहतीचा आराखडा आला की काका आधी त्या जमिनीवर जात, जागोजागी पाणी ओतत आणि ते कुठे वळतं ते बघत उकिडवे बसत.

“कागद कुणाचंही ऐकतो,” ते म्हणत. “पाणी कुणाच्या बापाचं ऐकत नाही.”

घरं चढावर, मोकळी जागा सखलात. सगळी नोकरी त्यांनी या एका वाक्यावर काढली.

मग एक दिवस काकांच्या थोरल्या बहिणीच्या, ताईच्या शेताचा आराखडा टेबलावर आला. भावोजी गेल्यावर कसायला कुणी उरलं नाही, म्हणून ताईने ते शेत केव्हाच विकलं होतं. हात बदलत बदलत ते बिल्डरकडे पोचलं होतं. त्या शेताच्या उंचवट्यावर, बोरीखाली, ताईचं पहिलं मूल पुरलेलं होतं. पाळण्यातलंच होतं, तापाने गेलं. भावोजी खणत होते. काकांना तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं. गाठोडं त्यांच्या हातात होतं. ताईला कुणी नेलंच नाही.

संध्याकाळी ताई घरी आली. रस्त्यावरच्या फलकावर तिने वसाहतीचं रंगीत चित्र पाहिलं होतं.

“अरे, बाग नेमकी तिथेच काढलीय. आपल्या बोरीपाशी. तूच सांगितलंस ना त्यांना?”

“मी नाही गं. मी अजून धड बघितलंही नाही.”

“नको कबूल करू. लहानपणापासून असाच तू. गुळाचा खडा आणायचास आणि हात पाठीमागे लपवायचास.” ती हसली. “गुडघे कुरकुरतात माझे, पण तेवढं चालेन. बाकावर बसेन तासभर. कुणी विचारलं तर सांगेन, हवा खायला आलेय.”

दुसऱ्या दिवशी काका जागेवर गेले. बांध सपाट झाले होते. बोर नव्हती. त्यांनी उंचवट्यावर पाणी ओतलं. ते क्षणभर थबकलं आणि थेट खाली निघालं. खाली, जिथे आराखड्यात घरांच्या रांगा होत्या. त्यांनी पुन्हा ओतलं. जरा बाजूला सरकून पुन्हा. पाण्याने मत बदललं नाही.

कार्यालयात त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या बाईंना विचारलं, “वर एक छोटीशी बाग आणि खाली एक, असं चालेल?”

“काका, तुम्हीच शिकवलंत ना? मोकळी जागा एकाच तुकड्यात हवी.” बाईंनी नकाशा स्वतःकडे ओढला. “छान तर आहे की. करून टाका सही.”

बाग वर राहू द्यायला काकांना वेगळं काहीच करावं लागणार नव्हतं. फक्त सही करून गप्प बसायचं होतं.

त्यांनी खालच्या रांगांकडे पाहिलं. त्या घरांतही पाळणे हलणार होते. मग त्यांनी शेरा लिहिला. मोकळी जागा सखल भागात न्यावी, उंचवट्यावर भूखंड पाडावेत. अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं.

ताईला सांगायला ते स्वतः गेले. ती भाजी निवडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

“पाण्याला विचारलंस,” ती म्हणाली. “मला नाही विचारलंस.”

“ताई, खालची घरं बुडली असती.”

“कळतं मला. वेडी आहे का मी?”

तिने उरलेली जुडी निवडून संपवली. देठ गोळा केले.

“घराचा पाया किती खोल खणतात रे?”

काकांना उत्तर तोंडपाठ होतं.

“मूठभर माती तरी आणून दे,” ताई म्हणाली.

ते सकाळीच गेले. शेताच्या तोंडाशीच त्यांनी बाटली उपडी केली. पाणी कुठे गेलं ते बघितलं नाही. मग उंचवट्यावर फिरत राहिले. बोर इथे असावी, असं वाटे. चार पावलं पुढे गेलं की तिथेही तसंच वाटे. भावोजींना विचारायची सोय नव्हती. यंत्राने सगळी माती एकसारखी करून ठेवली होती. शेवटी एका जागी ते वाकले आणि बाटली भरली.

ताईने ती उजेडात धरली.

“तिथलीच ना?”

मोजल्याशिवाय काकांनी आजवर कुठल्याही जागेवर बोट ठेवलं नव्हतं.

“तिथलीच, ताई.”

तिने बूच घट्ट बसलंय का ते बघितलं. मग बाटली आडवी करून मांडीवर घेतली.