लवू मेस्त्रीचं गाऱ्हाणं

अंधेरीच्या एका गावठाणात चारशे वर्षांचं चर्च आहे. तिथले जुने ख्रिस्ती त्याला देऊळच म्हणतात, त्यामुळे मूळच्या मालवणच्या लवू मेस्त्रीला तिथे कधी परकं वाटलं नाही. एकोणतीस वर्षं सणाच्या आदल्या आठवड्यात शिडीवर चढून तो वेदी साफ करायचा. वेदी कसली, सोनेरी वर्खाचा डोंगरच! पिळाचे खांब, द्राक्षांचे वेल, जागा मिळेल तिथे गुबगुबीत पंखवाली पोरं. त्यातलं डावीकडचं तिसरं हुबेहूब आपल्या मेव्हण्यासारखं दिसतं असं लवूचं मत होतं, म्हणून त्याचं नाक तो जरा जोरातच पुसायचा.

यंदा नवे फादर अँसेल्म म्हणाले, "लवू, सदुसष्ट वय झालं तुमचं. हे काम आता कंत्राटदार करेल." आणि शिडी कुलपात गेली.

लवूला हे पटेना. खाली बसून नुसतं वर बघत राहायचं, म्हणजे जिवंतपणीच भिंतीवरच्या फोटोत जाऊन बसायचं.

माणसं ऐकत नाहीत तेव्हा मालवणी माणूस देवाला गाऱ्हाणं घालतो. लवू वेदीसमोर उभा राहिला, हात जोडले आणि गावी घालतात तसा खणखणीत आवाजात सुरू झाला.

"बा देवा सायबा म्हाराजा! ह्या फादरान माजी शिडी काढून घेतल्यान. त्येचा मन फिरव रे म्हाराजा!"

शेजारचा माईक सकाळच्या चाचणीपासून चालूच राहिला होता. गाऱ्हाणं भोंग्यातून गावठाणभर गेलं. अंगणात पताका लावत होती ती मागच्या चाळीतली मालवणी मंडळी. गाऱ्हाण्यातल्या 'म्हाराजा'ला होकार द्यायचाच असतो, तो त्यांनी हातातलं काम न सोडता ठोकून दिला, "होय म्हाराजा!"

लवूला वाटलं, वेदीवरचे सगळेच बोलले. त्याला चेव आला. "आणि त्या कंत्राटदाराचो पाय मुरगळू दे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" या खेपेला ख्रिस्ती बायकांनीही सूर लावला.

फादर धावत आले, माईक बंद केला. लवूने घाईने कान पकडले.

"फादर, ता पायाचा... मी मागे घेतंय."

फादर बाकावर टेकले. "आठ महिने मी इथे प्रार्थना म्हणतोय. 'आमेन' म्हणताना या लोकांच्या तोंडून आवाज फुटत नाही!" मग त्यांनी खिशातून किल्ली काढली. "चला. शिडी मी धरतो."

लवू भराभर चढला. वरून त्याला फादरांचा उतरलेला चेहरा दिसला आणि मनापासून वाईट वाटलं.

"फादर," तो म्हणाला, "शेवटाक 'म्हाराजा' म्हणान बघा."