समोरून बघून घेतलेला टीव्ही

टीव्ही घेताना आमच्या घरात जेवढी भांडणं झाली तेवढी माझ्या लग्नाच्या वेळीही झाली नव्हती, आणि माझं लग्न आईच्या मर्जीविरुद्ध झालंय. भांडणारे आम्ही दोघंच, मी आणि माझा धाकटा भाऊ. तो आईबाबांजवळ काळाचौकीच्या चाळीत राहतो, मी दादरला. त्याचं लग्न झालेलं नाही, आणि का झालं नाही हे विचारायची हिंमत आता नातेवाईकसुद्धा करत नाहीत. बाबांनी त्याला उभ्या जन्मात नावानं हाक मारलेली मला आठवत नाही. "मेल्या, चाय आण." "मेल्या, पंखो लाव." तोही मुकाट्यानं ओ द्यायचा.

टीव्ही बाबांसाठीच घ्यायचा होता. त्यांना झटका आला, उजवा हात आणि उजवा पाय गेला, आणि वाचा गेली. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "यांना किती समजतंय ते आज सांगता येणार नाही. बोलत राहा, आवडीचं दाखवत राहा. लक्ष लागलं तर आशा आहे." बाबांची आवड म्हणजे कबड्डी. गिरणीच्या संघातून मातीत खेळलेला माणूस. गिरणी बंद पडली, गुडघे गेले, पण संध्याकाळी टीव्हीवर सामना लागला की खुर्ची पुढे ओढून बसायचे आणि शेवटपर्यंत शिव्या घालायचे. "गादयेर लोळतत मेले, ह्याका काय पकड म्हणतत?" जुना टीव्ही इतका लहान, की खाटेवरून त्यातली माणसं मुंग्यांएवढी दिसली असती. म्हणून मोठा घेऊ या म्हटलं. बाबा आत कुठेतरी शाबूत असले तर कबड्डी बघून बाहेर येतील, एवढीच आमची अक्कल आणि एवढीच आशा.

लालबागच्या एका दुकानात आम्ही दोघं गेलो. एक अख्खी भिंत टीव्हीची. मी ऑफिसमधल्यांना विचारून गेले होते, त्यामुळे शिरल्या शिरल्या ओएलईडी, म्हणजे सगळ्यात भारीतला, म्हणाले. भाऊ उखडलाच.

"ताई, दहा बाय बाराची खोली आहे आपली. थिएटर उघडायचंय काय?"

"बाबांसाठी घेतोय ना? मग चांगल्यातला घे."

"आई दिवसभर देवाचं चॅनल लावून ठेवते. त्या ओएलईडीवर एकच चित्र सारखं राहिलं तर डाग पडतो म्हणतात. मग कबड्डी बघताना मधे गाभारा दिसणार."

मला हसू आलं, पण मी हसले नाही. त्याच्यापुढे हसलं की तो जिंकल्यासारखा चालायला लागतो. शेवटी साधा एलईडी घ्यायचा ठरलं. तर त्यातही दोन प्रकार! सेल्समननं दोन टीव्ही शेजारी शेजारी लावले आणि दोन्हीवर एकच चित्र सोडलं, रात्रीच्या समुद्रातली होडी. "ये आयपीएस पॅनल, ये व्हीए. काला देखो मॅडम, काला." आयपीएसवरचा अंधार धुरकट, राख मिसळल्यासारखा. व्हीएवरचा अंधार म्हणजे खरोखर काळाकुट्ट, आणि त्यात होडीचा दिवा असा पेटलेला की बघत राहावं. मी आणि भाऊ, दोघंही एकदम म्हणालो, "हाच." जन्मात पहिल्यांदा आमचं एकमत झालं.

सेल्समननं आपलं काम केलं, उगाच कशाला बोल लावू. आयपीएसकडे बोट दाखवून तो म्हणालासुद्धा, "वैसे ये वाला साइड से भी साफ दिखता है."

"साइडनं कोण बघणार?" भाऊ म्हणाला. "आमच्याकडे काय जत्रा भरते?"

मीही मान डोलावली.

घरी टीव्ही भिंतीवर चढला. आमच्या खोलीत टीव्हीला जागा एकच, लांब भिंतीवर, कपाट आणि स्वयंपाकघराचा दरवाजा यांच्या मधे. बाबांची खाट बाजूच्या आखूड भिंतीला, खिडकीखाली. ती तिथून हलवायची सोय नव्हती. एकीकडे पाय केले तर देव्हाऱ्याकडे होतात, दुसरीकडे केले तर दक्षिणेकडे, आणि आजारी माणसाचे पाय दक्षिणेकडे करायचे हे नुसतं ऐकूनच आई दोन्ही कानांवर हात ठेवायची.

विचारपूस करायला अख्खी चाळ येऊन गेली. चहा झाला की सगळ्यांचं लक्ष टीव्हीकडे. सगळे समोरच्या खुर्च्यांवर बसायचे, जास्त झाले तर खाली चटईवर. खाटेच्या कडेवर कोणी टेकायला गेलं की आईचा आवाज यायचाच. "आजाऱ्याच्या खाटेर बसा नये. खुर्ची घे." आमच्याकडे हे पहिल्यापासून आहे. आजाऱ्याच्या खाटेवर बसलं की आजार मुक्काम करतो म्हणे. मी बँकेत नोकरी करते, पण बाबांच्या बाबतीत मीही ते पाळलं. त्यांना भरवताना मी स्टुलावर बसायचे.

पहिला सामना लागला तेव्हा आम्ही तिघं टीव्ही सोडून बाबांकडेच बघत होतो. बाबांनी मान वळवली. डोळे बारीक केले. आई माझा हात घट्ट धरून होती. थोडा वेळ बघितलं त्यांनी, खरंच बघितलं. मग डाव्या हातानं चादरीवरचा रिमोट उचलला आणि फेकला. रिमोट कपाटावर आपटून उघडला, सेल गडगडत खाटेखाली गेले. बाबांनी खिडकीखालच्या भिंतीकडे तोंड केलं.

"दमले असतील," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. आम्ही आवाज वाढवला, कमी केला. भजनं लावली, मालवणी नाटक लावलं, क्रिकेट लावलं. भाऊ टीव्हीपुढे उभा राहून शाळेतल्या पोरासारखा ओरडायचा, "बाबा, चढाई बघा, चढाई!" बाबा भिंतीकडे. पुढे पुढे पेजही नको म्हणायला लागले, तोंड घट्ट मिटून घ्यायचे. व्यायाम करून घ्यायला येणारी बाई हात उचलायची आणि तो हात तसाच खाली पडायचा. एकदा ती मला दरवाजाबाहेर घेऊन म्हणाली, "ताई, मी दुसऱ्याच्या घरातलं बोलू नये. पण त्यांचा प्रतिसाद नाही. त्यांना स्वतःलाच नकोय, किंवा कळतच नाहीये."

कळतच नाहीये. हे वाक्य भावानं पकडलं. कर्जतकडे एक सेंटर होतं, असल्या पेशंटना कायमचं ठेवून घेणारं. त्यानं फोन केले, फोटो मागवले, सोमवारी सकाळी गाडी येईल असं ठरवून टाकलं आणि रविवारी मला कळवलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच बस पकडून काळाचौकीला आले.

बाबांना व्हीलचेअरवर बसवून तो गॅलरीत हवा खायला घेऊन उभा होता. मी त्याला आत ओढला.

"कोणाला विचारून ठरवलंस रे?"

"कोणाला विचारू? तू येतेस, दोन तास बसतेस, आईला लेक्चर देतेस आणि जातेस. त्यांना कुशीवर मी वळवतो. धुणं-पुसणं मी करतो. आईचा खांदा उतरलाय, बघितलास का?"

"म्हणून टाकून यायचं?"

"टाकून नाही! तिथं माणसं आहेत शिकलेली. ताई, ते आपल्याला ओळखत नाहीत गं. कबड्डी ओळखत नाहीत. कबड्डी, ताई!"

हे बोलताना त्याचा आवाज फाटला आणि तो परत गॅलरीत निघून गेला. आई ओट्यापाशी पाठ करून उभी होती. मला रडायचं नव्हतं. मला फक्त टेकायचं होतं. खुर्च्यांवर बाबांचे धुतलेले कपडे पसरलेले. समोर रिकामी खाट होती, तिच्यावर मी अंग टाकलं, थेट बाबांच्या उशीवर डोकं ठेवून.

"अगो, उठ थंयसून!" आई ओरडली. "आजाऱ्याच्या खाटेर झोपतत काय?"

"झोपू दे गं मला!"

टीव्ही चालू होता. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून आई तो कधी बंदच करू द्यायची नाही. सामना चालू होता. मी सहज मान वळवली.

आधी वाटलं, डोळ्यात पाणी आहे म्हणून. ओढणीनं डोळे पुसले. परत बघितलं. टीव्हीवर माणसं नव्हतीच. फिकट पिवळट आकार इकडून तिकडे सरकत होते, एकाच पिठात बुडवून काढल्यासारखे सगळे. कुठला संघ कुठला, काही कळेना. चढाई करणारा कोण आणि धरणारे कोण? तोंडं तर गेलीच होती. मी उठून दोन पावलं पुढे, टीव्हीसमोर गेले, तर एक संघ लालभडक, दुसरा केशरी, घाम चमकतोय, मॅटवरची रेघन्‌रेघ दिसतेय. परत उशीवर डोकं ठेवलं. पुन्हा पीठ.

साइड से भी साफ दिखता है. साइडनं कोण बघणार?

मी अशी किंचाळले की भाऊ व्हीलचेअर तशीच ढकलत आत आला. "झोप इथं," मी म्हणाले.

"डोकं फिरलंय का तुझं?"

"झोप म्हणते ना! बाबांच्या उशीवर डोकं ठेव आणि टीव्ही बघ."

तो झोपला. मी त्याचं तोंड बघत होते. आधी कपाळाला आठी, मग आठी गेली, मग त्यानं तोंडावर हात घेतला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही. आईला आम्ही काही सांगितलं नाही. तीच आली, पदर सावरून जन्मात पहिल्यांदा आजाऱ्याच्या खाटेवर बसली, मान तिरकी करून उशीच्या उंचीवर नेली आणि टीव्हीकडे बघितलं.

"अरे देवा," ती म्हणाली, "काय दाखवत होतव आमी ह्यांका?"

भाऊ उठला आणि टीव्ही भिंतीवरून उतरवायला लागला. "उद्या बदलून आणू, आयपीएस आणू, नाही बदलून दिला तर फिरता स्टँड बसवू, पण आज..." असं काहीतरी बडबडत होता. वायरी निघाल्या, पडदा काळा झाला. बाबांना आम्ही खाटेवर निजवलं. त्यांनी सवयीनं भिंतीकडे तोंड केलं. आईचं शिलाई मशीन ओढून खाटेसमोर आणलं, त्यावर टीव्ही उभा केला. एका बाजूनं मी धरला, दुसऱ्या बाजूनं आईनं. मला मनातून भीती वाटत होती. आता नीट दिसत असूनही बाबा वळले नाहीत तर? मग कर्जतची गाडी खरी. मग भाऊच खरा.

भाऊ टीव्हीच्या पुढे वाकून वायरीचं भोक शोधत होता. आवाज आधी आला, चढाईचा दम, लोकांचा गलका, मग चित्र आलं. भावाच्या पाठीवरून मला बाबा दिसत होते. मान हलली. हळूहळू, भिंतीकडून इकडे. डोळे बारीक झाले, मग मोठे झाले. त्यांनी उशीवरून डोकं जरा उचललं, डावीकडे नेलं, उजवीकडे नेलं. भाऊ मधे होता. त्याला काही माहीत नाही, तो आपला वायर घट्ट बसवतोय.

बाबांचा डावा हात वर आला आणि हवेत झटकला गेला.

"मेल्या!"

अर्धं तोंड वाकडं, शब्द फुटका, पण खणखणीत. आईच्या हातातून टीव्हीची बाजू सुटायचीच बाकी होती. भाऊ ताठ उभा राहिला. वळला नाही.

"अरे, बाजूक हो," आई रडत रडत म्हणाली. "त्यांका दिसत नाय."

तो हलला नाही. टीव्हीसमोर तसाच, पाठ करून उभा राहिला. बाबांनी परत हाक मारावी म्हणून.