आईच्या हातावरचा विंचू

मावशीच्या बोटांची टोकं बारा महिने तपकिरी असायची. चपलांच्या एका दुकानाच्या पायरीवर तिचं स्टूल आणि मागे पाटी: ‘मेंदीचा टॅटू. सुई नाही, रक्त नाही, पश्चात्ताप नाही.’ पाटीवरचा मजकूर माझ्या आईचा. आई तिची थोरली बहीण, आणि जिभेची इतकी तिखट की ऑफिसात तिला ‘विंचू’च म्हणत. आईला त्याचा कोण अभिमान!

जिमची पोरं दंडावर वाघ काढून घेत आणि वाघाची मांजर झाली की पुन्हा येत. सगळ्यांना मावशीचं ठरलेलं वाक्य असे, “आज केशरी दिसेल, उद्या चढेल.” घाईच्या गिऱ्हाइकांसाठी पूर्वी ती मेंदीत केसांचा काळा डाय मिसळायची. तो तासाभरात काळाकुट्ट होतो. पण एका मुलीच्या मनगटावर नक्षीच्याच आकाराचे फोड आले आणि मावशीने डायचं नाव टाकलं. उरलेली पुडी तेवढी मेंदीच्या डब्याच्या तळाशी पडून राहिली.

आईचं दुखणं शेवटाला आलं तेव्हा आम्ही तिला घरी आणलं. पलंग खिडकीशी लावला. एका दुपारी ती मावशीला म्हणाली, “माझ्या हातावर विंचू काढ.”

“आत्ता?”

“मग काय वर गेल्यावर? जन्मभर सुईला भ्यायले म्हणून टॅटू केला नाही. आता बघ, सुई टोचायला जागा उरली नाही.”

आम्ही तिघी हसलो. त्या घरातलं ते शेवटचं हसू.

मावशीने निळे डाग चुकवत विंचू काढला. नांगी अशी झोकदार वळवली की आई खूश झाली. पण हात गार होता आणि मेंदीला ऊब लागते. मावशीने लिंबू-साखरेचं पाणी लावलं, गरम पाण्याची पिशवी ठेवली, वर माझी शाल गुंडाळली. मध्येच ती स्वतःच्या तळव्यांत आईचा हात धरून बसे. संध्याकाळी मेंदी खरवडली तर खाली फिकट पिवळट रेघा.

“हा विंचू की वरणाचा डाग?” आई म्हणाली.

“उद्या चढेल.”

“तुझ्याकडे ती काळी पुडी आहे ना? ती लाव.”

“अगं, फोड येतात त्याने.”

“माझ्या अंगाचं आता काय व्हायचं राहिलंय?”

“लाव ना गं, मावशी,” मीही म्हणाले. मावशीने डब्याचं झाकण लावलं. “तिच्या अंगाला मी इजा करणार नाही. उद्या चढेल म्हटलं ना!”

“मला गिऱ्हाईक समजतेस होय?” असं म्हणून आईने डोळे मिटले. हात मात्र तिने शालीबाहेरच ठेवला. सकाळी उठल्याबरोबर दिसावा म्हणून.

पहाटे ती गेली. उजाडल्यावर मावशीने तिचा हात उचलून खिडकीकडे धरला. विंचू होता तेवढाच फिकट होता. ठाऊक असणाऱ्यालाच दिसावा असा. मावशीची बोटं मात्र त्याच मेंदीने चांगलीच रंगली होती, टोकं तर जवळजवळ काळी. तिने ती माझ्यापासून पदराखाली लपवली.

मी तिला माफ केलेलं नाही. ती वाईट नाही, हे मला कळतं, पण राग कळण्याने जात नाही. पायरीवर ती अजून बसते. “उद्या चढेल” म्हणत नाही. गिऱ्हाइकाने विचारलंच तर नुसती मान हलवते.

परवा मी तिचा डबा घासायला घेतला. तळाशी ती पुडी दिसली. मावशीने ती माझ्या हातातून घेतली.

“फोड यायला दोन-तीन दिवस लागतात गं,” ती म्हणाली. “तेवढे तरी होते का तिच्याकडे?”

तिला बरं वाटेल असं काहीतरी बोलता आलं असतं.

“नव्हते,” मी म्हणाले.