सरळ ओळीच्या बाया

बायनाबाईला राग सावकाश यायचा. पण एकदा आला की धानाच्या बांधीतल्या पाण्यासारखा तिथेच उभा राहायचा, दिवस दिवस. चंद्रपूरकडच्या सावली गावापासून दोन कोसांवरच्या त्या खेड्यात तिच्या हाताखाली वीस-बावीस बायांचं टोळकं होतं. आषाढ लागला की ते रोवणीला उतरायचं. गुडघाभर चिखल, कमरेत वाकलेलं शरीर, डाव्या हातात पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची जुडी आणि उजव्या हाताची बोटं एकेक चूड मातीत खोवत मागे मागे सरकणारी. मागे सरकत पुढचं हिरवं करत जाणं, हेच बायनाबाईचं आयुष्य.

छप्पन साली चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या मैदानात बापाच्या बाजूला उभी राहून तिनं धम्मदीक्षा घेतली, तेव्हा ती पोरगीच होती. लग्न होऊन या गावात आली तेव्हा बांधावर तिला वरून ओंजळीत पाणी वाढायचे. दुसऱ्या वर्षी तिनं आपला गडवा आणला. तिसऱ्या वर्षी टोळक्यातल्या मासेमार धिवराच्या भागीरथेनं त्याच गडव्याचं पाणी प्यायलं आणि म्हणाली, "गोड हाय व, काऊन लपवून ठेवलं होतं इतके दिवस?" तेव्हापासून त्या दोघी एका ओळीत रोवायच्या.

नवरा देवाजी लवकर गेला. मुलगी विशाखा मात्र शिकत गेली, नागपूरला शेतीच्या कॉलेजात धानावरच मोठी परीक्षा पास झाली. पंच्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात ती घरी आली ती बातमी घेऊनच. इटली नावाच्या देशात धानाचं पुढचं शिक्षण, दोन वर्षं, खर्च तिथल्या सरकारचा.

"नाई," बायनाबाई म्हणाली. "ज्या गावाची वाट मले माहीत नाई, तिथी मी पोरगी धाडत नाई."

"मग माहीत करून घे ना, माय."

बायनाबाईनं ते मनावर घेतलं. पण ज्याला विचारावं तो तिचा राग वाढवी. शाळेचे मास्तर म्हणाले, तिथले लोक शेवया खातात आणि द्राक्षाची दारू पितात. जणू पोरगी शेवया करायलाच चालली होती. पाटलांच्या घरी ती कोंढा आणायला गेली तर पाटलीणबाईंनी ओट्यावरूनच विचारलं, "तिथी कोणाच्या घरी भांडे घासन व तुही पोरगी?" बायनाबाईनं रिकामी टोपली उचलली आणि तशीच परत आली. म्हशीला त्या दिवशी कोंढा मिळाला नाही.

विशाखा दर रविवारी एसटीनं चंद्रपूरला जायची. तिथे मिशनच्या दवाखान्यात एक केरळच्या सिस्टर होत्या. तरुणपणी नर्सिंग शिकायला त्या इटलीत चार वर्षं राहून आल्या होत्या. त्या विशाखेला तिथली भाषा शिकवत, आणि विशाखा संध्याकाळी चुलीपाशी बसून आईला तो देश सांगे. वर बर्फाचे डोंगर आहेत. त्या बर्फाचं पाणी पाटांनी खाली येतं आणि त्याच पाण्यात धान होतो.

"बर्फाच्या पाण्यात धान?" बायनाबाईला हे पटेना. मग विशाखेनं कॉलेजातून आलेला एक रंगीत फोटो दाखवला. मागे पांढरे डोंगर, पुढे पाणी भरलेल्या बांध्या, आणि त्यात कोवळा धान, ओळीनं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

बायनाबाईनं फोटो दारात उजेडाला नेला. बराच वेळ पाहिला.

"दोरी न लावता इतकी सरळ ओळ," ती म्हणाली. "बाया लय चांगल्या हाताच्या हायेत वं."

विशाखेनं फोटो परत घेतला आणि वहीत ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी टोळक्यात तोच विषय. बायनाबाईनं सांगितलं, तिथेही आपल्यासारख्याच बाया आहेत, थंड पाण्यात उभ्या राहतात, आणि आपल्यापेक्षा सरळ रोवतात. भागीरथा म्हणाली, "गोऱ्या बायांच्या पायाले चिखल्या होत असतीन का?"

"चिखलात पाय टाकला का गोरं काय न् काळं काय," बायनाबाई म्हणाली. बाया हसल्या. त्या पावसाळ्यात ओळ वाकडी गेली की एकमेकींना टोकायच्या, "पाह्य व, इटलीवाली हासन तुले." विशाखा जाणार, हे त्या फोटोनंच ठरलं. जिथे बाया रोवतात तिथे आपली पोरगी परकी पडणार नाही, असा बायनाबाईचा हिशेब होता.

रोवणीच्या दिवसांत रस्त्यानं जाणाऱ्याच्या पायाशी बाया पऱ्ह्यांची जुडी टाकतात. ती ओलांडून जायचं नसतं. काहीतरी हातावर ठेवायचं, दोन शब्द हसून बोलायचं. त्यातून शेवटच्या दिवसाचा बोजारा होतो, म्हणजे रोवणी संपल्यावरचं सगळ्या बायांचं जेवण. कोणी याला मागणं म्हणत नाही. हा मान असतो, देणाऱ्याचाही.

त्या दिवशी शेतीखात्याची जीप आली. भागीरथेनं चाकापुढे जुडी टाकली. साहेब खाली उतरले, तरुणच होते, चष्मा लावलेले. बायनाबाईला पाहून म्हणाले, "विशाखेच्या आई ना तुम्ही? पोरगी परदेशात चालली आणि तुम्ही रस्त्यावर हात पसरता? शोभतं का हे?"

बायांचं हसू जिथल्या तिथे थांबलं.

"हात नाई पसरला, साहेब," बायनाबाई म्हणाली. "जुडी टाकली."

"एकच झालं. दोन-तीन वर्षं थांबा. ती येईल शिकून. तिथे रोवणी नाही, निंदण नाही. यंत्रानं धान पेरतात आणि तणावर औषध फवारतात. एका पंपाला दोन गडी पुरतात. तेच शिकायला चालली आहे ना ती? मग तुम्हाला चिखलात वाकायची गरजच राहणार नाही." ते चांगल्या मनानं बोलत होते. म्हणूनच ते जास्त लागलं. जुडी ओलांडून ते जीपमध्ये बसले आणि जीप त्या जुडीवरून गेली.

भागीरथेनं चिरडलेले पऱ्हे उचलले, धुतले आणि बांधीत लावून टाकले. बाया बायनाबाईकडे पाहत होत्या. इतके दिवस तिनंच त्यांना तिथल्या बाया सांगितल्या होत्या.

घरी आल्यावर तिनं पायही धुतले नाहीत.

"तुले माहीत होतं?"

विशाखेनं मान हलवली. "फोटोतल्या ओळी यंत्राच्या हायेत, माय. मी सांगणार होती."

"कधी? औषधाचा डबा घेऊन आल्यावर?"

"तू नाई म्हणशीन म्हणून भेलो मी. तणापायी अर्धा धान जाते. औषध शिकणं काही पाप नाई."

"पाप म्हणून राह्यली का मी? मी म्हणतो, मले येडी बनवलं तू. माह्या तोंडानं बावीस बायांले येडी बनवलं." तिचा आवाज चढला नाही. "साहेबानं जुडीवरून गाडी नेली. त्याची जुडी नव्हती ते. तू त माह्या पोटची."

विशाखा म्हणाली, "मी नाई जात, माय. नागपूरले नोकरी पायतो."

त्यावर बायनाबाई आणखीच पेटली. "नाई काऊन जात? माह्यासाठी घरी बसली म्हणून जन्मभर मले ऐकवशीन? एक सांग मले. सिस्टर म्हणे त्या देशात चार वर्ष होती. तिथी आधी कोणी रोवतच नोयतं का?"

"रोवत होत्या. बायाच रोवत होत्या."

"मग त्या बाया कुठी गेल्या?"

विशाखेला ते माहीत नव्हतं. तिनं ते कधी विचारलंच नव्हतं. कॉलेजात यंत्र कोणत्या वर्षी आलं ते शिकवलं होतं, औषधाचं नाव शिकवलं होतं. बायांचं कोणी काही शिकवलं नव्हतं.

पुढच्या रविवारी रोवणीचा खाडा करून बायनाबाई मुलीबरोबर चंद्रपूरच्या एसटीत बसली. दवाखान्याच्या व्हरांड्यात सिस्टरनी त्यांना चहा दिला. बायनाबाईनं तोच प्रश्न केला. सिस्टर मल्याळी वळणाचं हिंदी-मराठी बोलायच्या.

"बाई, मी होते तेव्हा रोवणी बंद झाली होती. पण म्हाताऱ्या बाया आमच्या वॉर्डात यायच्या. बोटं अशी गाठी गाठी. कमर सीधी होत नाही. दूर गावातून रेलगाडीनं यायच्या धानाला, एका लंब्या कोठ्यात झोपायच्या, गाणी म्हणायच्या. एकदम काम गेलं. कोणी कारखान्यात गेली, कोणी लोकांच्या घरी कामाला, कोणी काहीच नाही."

"भांडे घासायले," बायनाबाई म्हणाली.

"हो. ते पण."

बायनाबाईनं सिस्टरच्या बोटांकडे पाहिलं, मग आपल्या. "त्यायचा शेवटचा बोजारा झाला असन का?"

विशाखेनं बोजारा म्हणजे काय ते समजावलं. सिस्टर म्हणाल्या, "शेवटचं वर्ष आहे हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं, बाई. पुढच्या वर्षी बोलावणं आलं नाही, बस."

व्हरांड्यात रोगी खोकत होते. बायनाबाई चहा तसाच ठेवून बसली होती. तिला त्या साहेबाचा राग येत होता, मालकांचा येत होता, स्वतःच्या पोरीचा येत होता, आणि दूर बर्फाच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या आणि मग घरी पाठवलेल्या त्या न पाहिलेल्या बायांसाठी तो राग कुठे ठेवावा हे तिला कळत नव्हतं. एखादी बाई चूप मेली तर सोडून द्यावं. इतक्या बाया चूप कशा गेल्या?

"तू जाय," ती विशाखेला म्हणाली. "औषध शिक, यंत्र शिक, सगळं शिक. पण पहिले तसल्या एका म्हाताऱ्या बाईच्या घरी जाय. ते काय खाते, कोण पोसते, पाह्य. तिले विचार. मग ये आन बांधावर उभी राहून आमाले सांग. आमचं काम जाणार असन त आमाले पहिले माहीत पडलं पायजे. गुपचूप नाई."

"विचारतो, माय."

"कसं विचारशीन? त्यायच्या भाषेत म्हणून दाखव."

विशाखा अडखळली. सिस्टरनी वाक्य जुळवून दिलं, तुम्ही सगळ्या कुठे गेलात, आणि विशाखेनं ते त्यांच्या मागून म्हटलं, "दोवे सिएते अन्दाते तुत्ते?"

बायनाबाईला शब्द कळले नाहीत, पण आवाज कळला.

"लय गोड म्हणते," ती म्हणाली. "दुकानात साखर मागून राह्यली का तू? आणखी म्हण."

विशाखेनं पुन्हा म्हटलं. सिस्टरना हसू आलं, पण बायनाबाईचा चेहरा पाहून त्यांनी ते आवरलं. तिसऱ्या वेळी विशाखेनं आईकडे पाहत म्हटलं आणि शब्द घट्ट निघाले.

"हं," बायनाबाई म्हणाली. "आता त्या बाईले समजन, कोणाची पोरगी आली ते."