हाक लांब जायाला पायजे

दोन्ही तळहात तोंडाभोवती धरायचे, डावा पाय बांधावर चढवायचा, उजवा खाली गवतात रोवायचा, आणि अजून जगात कुणाचंच नसलेलं एखादं नाव समोरच्या रानाकडे सोडून द्यायचं. आमच्या आत्याचं हे काम होतं. हाक मारून झाली तरी ती हात खाली घेत नसे. तशीच उभी राहून ऐकत राही. मग आमच्याकडे न वळताच म्हणे, "न्हाई. निम्म्या शेतात पडलं. दुसरं सांगा."

तुमच्याकडे मुलींची नावं कशी ठरतात मला माहीत नाही. कुणी पंचांगातून अक्षर काढत असेल, कुणी मोबाईलमधून यादी. आमच्या वाडीत मुलीचं नाव आधी भातशेत ओलांडून जायचं आणि मगच पाळण्यात यायचं. गुंद गावाच्या पुढं रानात शिरल्यावर आमची वाडी लागते. आठ-नऊ घरं, पण दोन घरांच्या मध्ये एकेक शेत. मोबाईलला रेंज नाही. चहा झाला, गाय सुटली, पाहुणे आले, सगळं हाक मारूनच कळवायचं. अशा ठिकाणी हाकेला न टिकणारं नाव घेऊन मुलीनं करायचं काय?

"पोरगी लांब जाणार," आत्या म्हणायची, "तर हाक लांब जायाला पायजे."

मी खानापूरकडची. इथल्या अंगणवाडीत आले तेव्हा आत्या तिथं मदतनीस होती. मुलांना घरून गोळा करून आणायची, उप्पीट करायची आणि दुपारी दोन चटया जोडून सगळ्यांना ओळीनं झोपवायची. पहिल्याच दिवशी मी वही उघडून तिला नाव विचारलं.

"आत्या."

"अहो, खरं नाव."

"ते कशाला? कुणी इचारलं तर सांगा, आत्या हाय म्हणून. मी पाणी आणतो."

आमच्या भागात बायकाही 'मी आणतो, मी जातो' असंच बोलतात. ती कळशी घेऊन गेली ती गेलीच. शेवटी तिच्या भावानं कागद आणून दिला. त्यावरचं नाव मी वहीत उतरवून घेतलं आणि त्यानंतर माझ्याही तोंडून ते कधी बाहेर पडलं नाही.

ती सगळ्यांची आत्या झाली त्यालाही कारण होतं. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्यानं. पण रानातल्या वाटा आणि लांबच्या सोयरिकी, खरी आत्या वेळेवर पोचायची नाही. मग ही बसायची. दोन-चार बारशी अशी झाली, आणि पुढंपुढं खरी आत्या आलेली असली तरी लोक हिलाच बोलवायला लागले. नाव सांगून झालं की बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात ना, ते सगळे हिनं खाल्ले. "हळू मारा गे," ती ओरडायची, "गावातल्या सगळ्या पोरी ह्याच पाठीवर झाल्यात."

नाव कसं असावं याचे तिचे नियम होते. नावाच्या शेवटी तोंड उघडं राहिलं पाहिजे. नीलम, पूनम ही नावं तिला चालायची नाहीत. "तोंड मिटलं की हाक आतच ऱ्हाती," ती म्हणायची. एकदा बेळगावात नोकरी करणारा एक बाप फोनवरून नाव घेऊन आला, त्यात तीन तरी जोडाक्षरं होती. आत्यानं दोनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा तिला ठसका लागला. पाणी पिऊन ती मला म्हणाली, "बाई, ह्या नावात खडं हायत. निवडून आणाया सांगा."

आणि नाव पसंत झालं हे ठरवायचा कोण, तर शेतापलीकडच्या घरचा काळा कुत्रा. तो दिवसभर खळ्यात पडून असायचा. हाक त्याच्यापर्यंत पोचली की उठून उभा राहायचा आणि एकदाच भुंकायचा. मग आत्या हात खाली घ्यायची आणि म्हणायची, "पोचलं." मी शिकलेली बाई, सुरुवातीला हसायचे. पण खरं सांगू का, संध्याकाळच्या उन्हात ती हाक शेतावरून जायची तेव्हा ती दिसते आहे असं वाटायचं. बगळे जसे सावकाश जातात तशी ती जायची. पिकलेल्या भातावरून, ओहोळावरून, माडांच्या मागे. कधीकधी वर्गात एखाद्या मुलीला मी नावानं बोलवायचे आणि वाटायचं, हे नाव अजून पुरतं खाली उतरलेलं नाही, थोडं त्या शेतावरच आहे.

मग एका कार्तिकात माझ्याच घरी पाळणा आला.

सुजाता माझी एकुलती एक. तिच्या वडिलांमागं मी एकटीनं वाढवलेली. जावई, विक्रम, गोव्याला एका हॉटेलात होता. सुजाताला सातवा महिना लागला आणि त्याचे निरोप थांबले. मग कुणीकुणी सांगायला लागलं की त्यानं तिकडं दुसरं घर केलंय. मुलगी झाल्याचा निरोप आम्ही त्याच्या घरी पाठवला. उलट निरोप आला, बारसं तुमचं तुम्हीच करा, आमच्याकडची आत्या येणार नाही.

मुलीचं नाव तारा ठेवायचं यावर आम्हा मायलेकींचं पहिल्या दिवसापासून एकमत होतं. भांडण लागलं ते मधल्या नावावरून.

"तारा विक्रम," मी म्हणाले.

"तारा सुजाता," सुजाता म्हणाली.

दाखल्यावर बापाच्या रकान्यात त्याचं नाव येणारच होतं, ते कुणी पुसणार नव्हतं. पण मुलीच्या नावाच्या मधोमध काय लिहायचं, जन्मभर तिला कुणाची म्हणून ओळखायचं, ते आमच्या हातात होतं. आणि मी हटून बसले. लोक काय म्हणतील हे तर होतंच, खोटं कशाला बोलू. पण खरी भीती वेगळी होती. त्याचं नाव आपल्या हातानं काढलं की तो कायमचा गेला, असं मला वाटत होतं. नाव राहिलं तर एखाद्या दिवशी पोरीच्या ओढीनं तरी येईल. माझं घर बाप्यामाणसावाचून कसं चाललं ते मी बघितलं होतं. लेकीच्या वाट्याला तेच येऊ नये, एवढंच मला हवं होतं.

"तो येणार नाही, आई," सुजाता म्हणायची.

"तुला काय माहीत?"

"मला माहीत आहे. आणि आला तरी मला नकोय."

अकरा दिवस आमच्या घरात हेच चाललं होतं. बाळंतिणीला रडवू नये एवढंही भान मला राहिलं नाही. आत्या रोज बाळाला न्हाऊ घालायला यायची, पायावर पोरीला आडवी घेऊन तेल चोळायची, आणि आमचं सगळं ऐकायची. एका शब्दानं मध्ये पडली नाही. एकदाच बाळाला म्हणाली, "ऐक गे बाय, तुजंच चाललंय."

अकराव्या दिवशी संध्याकाळी आम्ही बांधावर गेलो. भात कापायला आलेलं, सगळं शेत पिवळं, आणि रानाच्या कडेला धुकं नुकतं उतरायला लागलेलं. सुजाता बाळाला शालीत गुंडाळून उभी होती. आत्यानं पदर खोचला, पाय रोवले, हात तोंडाशी नेले.

"ताराऽऽऽ!"

पलीकडं काळा कुत्रा उठला. भुंकला. "पोचलं," आत्या म्हणाली. मी परत फिरणार तोच ती म्हणाली, "थांबा बाई. मधलं बी बगूया की."

मधलं नाव तिनं आजवर कधीच हाकेत घेतलं नव्हतं. शेतापलीकडून कोण कुणाला बापाच्या नावासकट बोलवतं? पण मी विचार केला, बरंच झालं, निकाल लागून जाऊ दे.

"तारा विक्रम!"

कुत्रा परत खळ्यात बसला होता, तो हलला नाही. हाक कुठंतरी भातात विरली. आत्या थांबून ऐकत राहिली, मग मान हलवली.

"तारा सुजाताऽऽऽ!"

कुत्रा ताडकन उठला आणि एकदा नाही, तीनदा भुंकला. रानानं ते नाव परत पाठवलं, थोडं उशिरा, थोडं मऊ होऊन. सुजाता रडत होती आणि हसत होती. कित्येक महिन्यांनी तिला मी अशी पाहत होते. म्हणून मी तिथं तोंड उघडलं नाही.

पण मी पाहिलं होतं. विक्रमच्या वेळी आत्याचा डावा पाय बांधावर नव्हता. आणि हात तोंडाजवळ होते, पण तोंडाला लागलेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, बारशाच्या घुगऱ्या शिजत होत्या तेव्हा मी तिला चुलीपाशी गाठलं. माझा राग रात्रभर शिजून तयार होता.

"आत्या, काल तू आवाज चोरलास."

"व्हय," ती म्हणाली. घुगऱ्या ढवळायची थांबलीसुद्धा नाही.

"माझ्या लेकीच्या संसाराचा प्रश्न आहे, आणि तू..."

"बाई, बसा जरा." तिनं पाट सरकवला. "लगीन झालं तवा त्यांनी माजं नाव बदललं. तांदळात लिवलं, सगळ्यांनी वाचलं. चार वर्सं त्या नावानं ओ दिली. मूल न्हाई म्हणून मला परत पाठवलं आन् दुसरी आणली. तिचं नाव काय ठेवलं ठावं हाय? तेच. माजंच. माज्यासाठी केलेलं नव्हतंच ते, त्या घराचं हुतं. आत येईल तिला घालायचं."

मी चुलीत लाकूड सरकवलं.

"म्हायेरी परत आलो तर आमचा गाव सुप्याच्या धरणात गेलेला. ज्या बांधावरनं आईनं माज्या नावाची हाक मारून बगितली, तो बी पाण्याखाली. भाऊ हिकडं आलेला. मी बी आलो. पोरं आत्या म्हणाय लागली. बरं वाटलं. निदान त्ये कुणी काढून घेत न्हाई." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "ताराच्या मधी असं नाव घाला, बाई, जे रोज सकाळी उठून तिला दूध पाजतंय."

"आणि तुझं आईनं ठेवलेलं नाव?" मी विचारलं. "ते कुणीच घेत नाही? मी हाक मारू?"

ती हसली. "नको. आता ओ द्यायची सवय ऱ्हायली न्हाई."

दुपारी बारसं झालं. आत्यानं पाळण्यात वाकून बाळाच्या कानात सांगितलं, तारा, आणि पुढं तिच्या आईचं नाव. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कुणीतरी माझ्याकडेही पाहिलं. मी उठले आणि आत्याच्या पाठीत पहिला धपाटा घातला. चांगला जोरात घातला, आदल्या दिवशीचा रागही त्यात होता. पण मग हात तिच्या पाठीवरून काढवेना. हाडं लागत होती हाताला. ही बाई इतकी वाळली आहे हे मला तेव्हा कळलं.

विक्रम आला नाही. त्याच्या नावासाठी मी जे दार उघडं ठेवणार होते, त्यातून नुसता वाराच आला असता. सुजाता आता रामनगरला शिवणकाम शिकवते, शनिवारी येते. तारा चार वर्षांची आहे, माझ्याच अंगणवाडीत. तिचं पूर्ण नाव विचारलं की ती तिन्ही शब्द एका दमात सांगते, मधल्या शब्दावर जरा जोर देऊन.

आत्या गेल्या माघात गेली. फार दिवस आजारी नव्हती. शेवटी तापात तिला हाका ऐकू यायच्या असं तिची भावजय सांगत होती. "कोण बोलावतंय बगा गे," म्हणायची. कुणी बोलावत नसायचं. मला त्याचं अजून वाईट वाटतं. तिनं नको म्हटलं आणि मी ऐकलं. एरवी मी कुणाचं ऐकते?

उन्हाळ्यात सुप्याचं पाणी खाली जातं. यंदा आत्याचा भाऊ मला, सुजाताला आणि ताराला तिकडे घेऊन गेला. काठाची लाल माती उघडी पडलेली, मध्ये वाळलेल्या झाडांचे बुंधे, आणि त्यापुढं पाणी, इतकं स्थिर की डोंगर त्यात झोपल्यासारखे दिसत होते. भावानं पाण्यात बोट दाखवलं. "तितं आमचं घर. तितं शेत." आम्ही तिघीही तिकडे पाहत राहिलो. मला वाटलं, खाली अजून भात पिकत असेल आणि बांधावर कुणी उभं असेल.

"आजी," तारानं विचारलं, "आत्याचं नाव आत्याच होतं?"

मी वाकले. बारशाला सांगतात तसं तिच्या कानात आत्याचं नाव सांगितलं. त्या वहीत उतरवल्यानंतर पहिल्यांदा. ते इथं लिहीत नाही. नुसतं वहीत लिहिलेलं राहण्यात त्याची पुष्कळ वर्षं गेली.

तारानं एकदा पुटपुटून पाहिलं. मग तिनं डावा पाय एका बुंध्यावर चढवला, दोन्ही तळहात तोंडाशी नेले आणि होती नव्हती ती सगळी ताकद लावून हाक मारली. नावाच्या शेवटी तिचं तोंड उघडं राहिलं.

हाक पाण्यावरून गेली. तिनं हात खाली घेतले नाहीत. आम्हीही हललो नाही. पलीकडच्या काठावर कुणाचा कोण एक कुत्रा उठून उभा राहिला आणि एकदाच भुंकला.

"पोचलं," तारा म्हणाली.