बैठकीत सांगितलेला बाप

"हिला ज्यूस द्या. हिचा बापच हिला लहानपणी दारू पाजायचा."

बालीगंजला माझ्या ऑफिसातल्या साहेबांच्या फ्लॅटवर मराठी मंडळी जमली होती. असं म्हणणाऱ्या साहेबांच्या हातात व्हिस्कीचा ग्लास. सगळे हसले. एक बाई म्हणाली, "ह्यांच्या वस्त्यांत असंच असतं."

ही गोष्ट मी एकाच ठिकाणी सांगितली होती. कंपनीच्या व्यसनमुक्तीच्या बैठकीत.

खिदिरपूरच्या गोदीजवळ आमचं ऑफिस. मी तिथे कारकून. नागपूरहून आलेली, एकटी. पिणं वाढत गेलं, सही करताना हात थरथरायला लागला. तेव्हा ती बैठक चालवणारे साहेबच म्हणाले, "आमच्या बैठकीला ये. तिथलं बोलणं बाहेर जात नाही. मी तुला मोठ्या भावासारखा."

या बंगाली शहरात माझ्याशी मराठीत कोण बोलणार? मी भुलले. भर बैठकीत सगळं सांगितलं. बाप गटारं साफ करायचा. प्यायल्याशिवाय त्याला आत उतरता यायचं नाही. थंडीत मी कुडकुडले की झाकणभर मलाही द्यायचा. ती त्याची माया होती. द्यायला दुसरं काही नव्हतंच. सांगितलं आणि मोकळं वाटलं. त्यानंतर मी थेंबही घेतला नव्हता. खरंच सांगते.

आणि त्याच बापावर आता ही माणसं शेंगदाणे खात हसत होती.

मी म्हणाले, "साहेब, माझा बाप गटारात उतरायला प्यायचा. तुम्ही कशात उतरता?"



"अगं, गंमत केली," साहेब म्हणाले.

मी चपला घातल्या आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी दारूच्या दुकानासमोर उभी होते. बैठका म्हणजे थोतांड, असं वाटत होतं. आपलं दुखणं काढून घ्यायचं आणि पार्टीत वाटायचं. तरी शिउलीदीला फोन लावला. ती ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये स्वयंपाक करते, कंपनीच्या बैठकीत माझ्या शेजारी बसायची. ती म्हणाली, "हिलना मत. आती हूँ."

ती आली. मला गोदीमागच्या एका खोलीत घेऊन गेली. तिथेही दर शनिवारी बैठक भरते. हमाल, ड्रायव्हर, शाळेतून रिटायर झालेली एक बाई. कुणी कुणाचा साहेब नाही. कितीतरी शनिवार मी गप्प बसले. कुणी बोल म्हणालं नाही. मातीच्या भांड्यात चहा द्यायचे, बस.

मग एकदा तुटक्या हिंदीत बाप पुन्हा सांगितला. शेजारचा हमाल खाली बघत म्हणाला, "मेरा भी."

तेवढंच. ते बाहेर गेलं नाही.

साहेबांची मी कंपनीकडे लेखी तक्रार केली आहे. त्यांचा निरोप आला, मागे घे, नाहीतर नोकरीचं बघ. मागे घेणार नाही. तल्लफ अजून येते, दात आवळून बसते.

साहेब, नोकरी घ्या. पण मी पुन्हा पिऊन पडलेली तुम्हाला बघायला मिळणार नाही.