नमुन्यादाखल पारनेर

‘सादर करा’ हे बटण लोकांना नुसतं बोटानं दाखवायचं असतं, दाबून दाखवायचं नसतं, हे मला ते दाबल्यावर कळलं.

आमच्या शिक्षण संस्थेनं कार्यालयीन कामासाठी स्वतःचं पोर्टल केलं. बाहेरच्या कुणाला ते दिसत नाही. आतल्यांनाही रोज दिसतंच असं नाही. रजा, पगारपत्रक, बदलीचे अर्ज, सगळं त्यावर. पूर्वी बदली हवी असली की अर्ज घेऊन साहेबांच्या बंगल्यावर जावं लागे. आता अर्ज पोर्टलवर भरतात, त्याची प्रिंट काढतात आणि ती घेऊन बंगल्यावर जातात.

श्रीगोंद्याच्या शाखेत मी हेडक्लार्क. एकदा प्रोजेक्टरची सैल वायर घट्ट बसवली होती, तेवढ्यावरून मला पोर्टलचा समन्वयक नेमलं. मीही ते मनावर घेतलं. माहितीपुस्तिका लिहिली. लोक चहा पिऊन आले की पसंती बदलतात, म्हणून ‘एकदा सादर केलेला अर्ज बदलता येणार नाही’ हा नियम मीच सुचवला आणि ठळक अक्षरांत छापून घेतला.

मला स्वतःला हवं होतं नगर. नऊ वर्षं मी घरून, म्हणजे नगरहून, एसटीनं श्रीगोंदा करतोय, आणि नऊ वर्षं बायको पाचला उठून डबा करतेय. यंदा नगरला एक जागा रिकामी होणार म्हटल्यावर तिनं कॉलनीतल्या बायकांबरोबर सकाळच्या योगासनांना नाव घातलं. निळी चटईही आणली. ती दाराआड गुंडाळून उभी होती.

पोर्टल सुरू होऊन आठवडा झाल्यावर आमच्याकडे ते कसं वापरायचं याचं प्रशिक्षण ठेवलं. पडद्यावर दाखवायला कुणाचं तरी लॉगिन हवं, म्हणून मी माझंच उघडलं. पहिल्या पसंतीत नगर टाकलं असतं तर ‘यांनी आधीच जागा अडवली’ अशी कुरबुर झाली असती, म्हणून नमुन्यादाखल पारनेर टाकलं. बघा किती सोपं आहे, म्हणत बटण दाबलं. पडद्यावर हिरवी खूण उमटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आमचे जुने शिपाई मागच्या बाकावर बसले होते. टाळ्या थांबल्यावर ते म्हणाले, “भाऊसाहेब, दाबलं ते लई झ्याक. आता माघारी घिऊन दावा.”

मी मुख्य कार्यालयात फोन केला. तिथल्या साहेबांनी मला माझ्याच पुस्तिकेतलं ते ठळक वाक्य शांतपणे वाचून दाखवलं. तक्रार असेल तर पोर्टलवर नोंदवा म्हणाले, समन्वयक बघतील. मी नोंदवली. थोड्या वेळानं ती लाल ठिपका लावून माझ्याच खात्यात येऊन पडली. खाली दोन बटणं: मान्य, अमान्य. मान्य दाबायला कुणाची आडकाठी नव्हती. पण त्याच सकाळी दोन शिक्षकांच्या अशाच विनंत्या मी शिस्तीवर चार ओळी लिहून फेटाळल्या होत्या. मग मी मलाही तसंच कळवलं. भाषा जरा सौम्य ठेवली.

आदेश आठवड्यात आला. पोर्टल इतकं चपळ चाललेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. पारनेर श्रीगोंद्यापेक्षा जवळ, पण तिथली आमची शाळा सकाळची, साडेसातची. म्हणजे डबा आता साडेचारला.

घरी सगळं सांगितलं, पुस्तिकेसकट. बायको मेथी निवडत होती.

“ते ‘मान्य’चं बटण तुमच्याच हातात होतं?” तिनं विचारलं.

“होतं.”

मेथी निवडून झाली, देठं केरात गेली. मग तिनं दाराआडची चटई काढली, झटकली आणि आपल्या उशाशी ठेवली.

“उद्या साडेचारला उठा,” ती म्हणाली, “आणि डबा कसा करायचा ते मला नमुन्यादाखल दाखवा. कणीक मळण्यापासून झाकण लावेपर्यंत. फक्त खोलीतला दिवा लावू नका, मी झोपलेली असेन.”